पंडिता रमाबाई आणि केडगावचा माळ

महोत्सवी अंकात आपल्या मंदिराचा पाया कोणी घातला, घंटा कोठून आली, पहिल्या मिस्साबलीस किती कुटुंबे हजर होती, ह्या गोष्टींची नोंद व्हावयाची, आणि ती झालीच पाहिजे. आम्ही मात्र येथे जे चरित्र हाती घेतले आहे, ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेबाहेरच्या एका स्त्रीचे आहे. ती आपल्या धर्मग्रामाची नव्हती, आपल्या महागुरुस्वामींच्या आज्ञेत नव्हती. तथापि तिचे नाव गाळून दौंड तालुक्यातील ख्रिस्ती लोकांचा इतिहास लिहू जाणे म्हणजे भीमा नदी गाळून ह्या तालुक्याचा नकाशा काढण्यासारखे आहे.

वरवंडहून पुण्याच्या दिशेने निघाले म्हणजे थोड्याच वेळात चौफुला लागतो. तेथून एक वाट दक्षिणेस सुप्यावरून मोरगावास जाते आणि दुसरी उत्तरेस केडगावच्या आगगाडीच्या स्टेशनाकडे वळते. मोरगावचे गणेशभक्त ह्याच वाटेने जातात. आषाढी जवळ आली म्हणजे तुकोबांची पालखीही ह्याच रस्त्याने येऊन वरवंडास मुक्काम करते. पायी चालून आलेल्या माणसाला पाणी देण्याची सवय आपल्या गावास पिढ्यान् पिढ्या आहे. केडगाव हे गावही जुनेच; ते रमाबाईंनी वसविले असे कोणी म्हणणार नाही. परंतु गावाशेजारच्या उघड्या माळावर त्यांनी जी वस्ती उभी केली, ती स्वतःच एक गाव झाली आणि तिच्यामुळे केडगावचे नाव समुद्रापलीकडे गेले.

महोत्सवाच्या निमित्ताने चौफुल्याच्या त्या वळणावर ह्या स्त्रीच्या नावाची एक साधी स्मारकशिला आपल्या धर्मग्रामाने उभी करावी, अशी आमची सूचना आहे. सूचना कानी पडताच दोन प्रश्न उठतील, हे आम्ही जाणतो. आपलीच मंडळी म्हणतील, ती आपली कोठे होती? आणि आपले हिंदू शेजारी म्हणतील, तिनेच ना आमच्या मुली ख्रिस्ती केल्या? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोहोंचीही उत्तरे आम्ही देणार आहोत. परंतु आधी चरित्र वाचावे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांतातील माळहेरंजी गावचे चित्पावन ब्राह्मण. तरुणपणी ते पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे ह्यांच्यापाशी शिकत होते. शास्त्रीबोवा पेशव्यांच्या वाड्यात बाईसाहेबांस संस्कृत शिकवावयास जात. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून अनंतशास्त्र्यांस आश्चर्य वाटले आणि आपल्याही घरी हे व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्या वडीलधाऱ्यांनी तसे होऊ दिले नाही. ती वारल्यावर गोदावरीच्या काठी एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांस दिली. तीच लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. तिला शास्त्र्यांनी संस्कृत शिकविले. त्यावरून गहजब झाला, उडुपीस पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि स्त्रीस पुराणे व काव्ये शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांच्या आधारे दाखवून दिले. इतके करूनही लोकांच्या तोंडाला कंटाळून म्हणा किंवा एकांताच्या ओढीने म्हणा, ते सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळच्या अरण्यात झोपडी बांधून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

मूल सहा महिन्यांचे झाले न झाले तोच ते घर मोडले. येणाऱ्याजाणाऱ्या विद्यार्थ्यांस आणि अतिथींस जेवू घालता घालता शास्त्र्यांची मालमत्ता संपली होती. एका वेताच्या पेटीत घालून मजुराच्या डोक्यावरून ह्या लेकरास डोंगराखाली उतरविले, आणि तेथून पुढे कित्येक वर्षे ह्या कुटुंबास कायमचे छप्पर असे लाभले नाही. क्षेत्रोक्षेत्री जावे, देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगावे, लोक जे धान्य, वस्त्र, दक्षिणा देतील त्यावर राहावे, हाच क्रम. वडील थकल्यामुळे मुलीस आईनेच शिकविले. पहाटे, अंथरुणातून उठण्यापूर्वी, आईच्या कुशीत पाठ घ्यावयाचा. बारा वर्षांच्या वयात रमाबाईंस भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शाळेची पायरी न चढता ही विद्या आली, हे आपल्या मुलामुलींच्या आयांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्यानंतर मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ह्या भागाविषयी आम्ही थोडे विस्ताराने लिहितो, कारण केडगावचा पाया आमच्या मते येथेच पडला. पुराण ऐकावयास कोणी उरले नाही, आणि मजुरी करणे हे पुराणिकाच्या कुळास ठाऊक नव्हते. भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. शेवटी तिरुपतीजवळच्या रानात त्या पाच माणसांनी अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाची पाने आणि मूठभर रानखजूर एवढ्यावर काढल्या. वडिलांची दृष्टी गेलेली होती. त्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले, मुलांस एकेक करून जवळ घेतले आणि निरोप दिला. तेव्हा थोरला श्रीनिवास म्हणाला की, कुळाचा अभिमान सोडून मी मोलमजुरी करीन, पण हे करू नका. म्हाताऱ्याने ते ऐकले. परंतु थोड्याच दिवसांत, १८७४ मध्ये, ते ज्वराने गेले. पाठोपाठ आई गेली. तिला उचलावयास माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली. त्यांच्याबरोबर दोघा भावंडांनी तिरडी धरून तीन मैलांवरच्या स्मशानापर्यंत नेली. रमाबाई सर्वांत ठेंगण्या. खांद्यावर भार पेलेना, म्हणून तिरडीचे आपले टोक त्यांनी डोक्यावर घेतले. पुढे थोरली बहीणही पटकीने गेली. उरली दोघे.

ही दोघे बहीणभाऊ पुढे उत्तरेस पंजाब आणि काश्मीरपर्यंत चालत गेली. त्यांची एकूण पायपीट चार हजार मैलांच्या घरात भरते. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नाही, म्हणून वाळूत कबरीसारखे दोन खड्डे खणावेत, आत निजावे, आणि तोंड तेवढे उघडे ठेवून कोरडी वाळू अंगावर ओढून घ्यावी. नवससायास केले, दाने दिली, तीर्थांत स्नाने केली, आणि पदरात काही पडले नाही. तेव्हापासून जुन्या आचारांवरून त्यांचे मन उडत चालले. त्या मनाला आधार दुसरीकडे मिळावयास मात्र अजून पुष्कळ वर्षे लागणार होती. लोक समजतात तसे, मिशनऱ्याने हात धरला आणि बाई गेल्या, असे ते झालेले नाही.

१८७८ मध्ये दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची ब्राह्मणकन्या सभेत उभी राहून संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील विद्वान चकित झाले. त्यांनी परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पुढे १८८० मध्ये भाऊ ढाक्यास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; जात निराळी, प्रांत निराळा, भाषाही निराळी. आसामात सिलचर येथे त्यांचा संसार दीड वर्षाहून थोडा अधिक टिकला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने गेले. पंचविशीही न गाठलेली ही विधवा कडेवर मूल घेऊन पुण्यास आली.

पुण्यात न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर आदी सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्येच आर्य महिला समाज निघाला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक छापून झाले, आणि शिक्षणाची पाहणी करण्यास नेमलेल्या हंटर कमिशनापुढे रमाबाईंची साक्ष झाली. मुलींच्या शाळांस स्त्रीशिक्षिका पाहिजेत आणि ह्या देशातील स्त्रियांस स्त्रीवैद्य पाहिजेत, ह्यावर त्यांचा भर होता. आपणच वैद्यक शिकावे, ह्या विचाराने १८८३ मध्ये त्या मुलीस घेऊन विलायतेस गेल्या. परंतु ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. ह्या भगिनी वाटचुकल्या स्त्रियांस घरी आणून माणसांत आणीत. ते काम रमाबाईंनी लंडनमध्ये प्रत्यक्ष पाहिले. अशा स्त्रियांविषयी दया दाखवावी असे त्यांच्या वाचनात कोठे आले नव्हते. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची हकिकत वाचून दाखविली. नीळकंठशास्त्री गोरे, जे स्वतः काशीचे मराठी पंडित असून अँग्लिकन धर्मगुरू झाले होते, त्यांच्या लेखांनी तर्काची बाजू भरून काढली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी, संत मायकलच्या सणाच्या दिवशी, मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंनी घेतलेले नाव मेरी रमा. आपल्या जपमाळेच्या राणीचे नाव त्या दिवशी एका मराठी मुखावर आले, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

बाप्तिस्मा झाला तरी त्यांनी आपली बुद्धी कोणाच्या पदरात टाकली नाही. त्रैक्याच्या रहस्याविषयी त्यांनी वाँटेजच्या भगिनींशी पत्रातून कडाक्याचा वाद घातला. चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीतही असत; तेथे तरुण मुलांसही शिकवावे असे निघाले, तेव्हा मुंबई आणि लाहोर येथील अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांस शिकविल्याने हिंदुस्थानात वाईट दिसेल, हे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या भटशास्त्र्यांपुढे व्याख्याने दिली होती, तिला हे कसे रुचावे? आम्ही स्वतः धर्मगुरू आहोत आणि आज्ञाधारकपणाची थोरवी लहानपणापासून शिकलो आहोत. तरी येथे आमचे मन बिशपांपेक्षा बाईंच्याच बाजूस झुकते, हे लपवीत नाही. त्रैक्याच्या बाबतीत मात्र त्या चुकत होत्या. पुढे प्रभू येशूच्या देवत्वाची साक्ष त्यांनी आपल्या जन्मभराच्या कामाने दिली.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या आणि तीन महिन्यांच्या बेताने गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे तेथे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत १८८७ मध्ये पुस्तक लिहिले. त्याच्या विक्रीतून आणि व्याख्यानांतून पैसा उभा राहिला, आणि बोस्टन येथे निघालेल्या मंडळाने त्यांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे चालविण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ दोन विद्यार्थिनींनिशी शारदा सदन सुरू झाले. गोदूबाई नावाची बालविधवा पहिल्या विद्यार्थिनींतली. तिचाच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाह झाला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास आले.

शारदा सदनात धर्म शिकवावयाचा नाही, ज्या मुलीने आपल्या घरचा आचार पाळावा असे वाटते तिला तो पाळू द्यावयाचा, असे ठरले होते. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थनेस बसत तेव्हा खोलीचे दार लावून घेत नसत, आणि कोणी मुलगी आपण होऊन आत येऊन बसली तर तिला उठवीत नसत. केसरीने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. दोन्ही पक्षांत सचोटीची माणसे होती. रानड्यांसारख्या सज्जनास दिलेला शब्द मोडला असे वाटले, तर त्यांच्यावर दोष ठेवता येत नाही; आणि आईसारखे वागविणाऱ्या बाईने प्रार्थनेच्या वेळी लेकरांच्या तोंडावर दार लावावे, ही अपेक्षाही आम्हांस कठोर वाटते.

अमेरिकेची दहा वर्षांची मुदत १८९८ च्या सुमारास संपणार होती. पुढे सदनाने आपल्या पायावर उभे राहावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे शंभर एकर जमीन घेतली. फळझाडे लावावी, त्यांच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, एवढाच बेत. ह्या भागातील पाऊस आपणांस माहीत आहे. सह्याद्रीने अडविल्यावर जो उरतो तो. खोल विहिरी खणाव्या लागल्या. तेथे माणसांची वस्ती करावी हा विचार त्या वेळी पुढे आलेला नव्हता.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची वार्ता आली. बावीस वर्षांपूर्वी तिरुपतीच्या रानात जिने झाडाची पाने खाल्ली होती, ती घरी कशी बसणार? रमाबाई स्वतः गेल्या. तेथे सरकारी कामावर आणि अन्नछत्रांत त्यांनी जे पाहिले, त्यात उपासमारीहूनही भयंकर गोष्ट होती: तरण्याताठ्या निराधार मुली हेरून त्यांस पळविणारे लोक त्या गर्दीत फिरत होते. बाईंनी मुली गोळा केल्या आणि रेल्वेने पुण्याकडे पाठविल्या. १८९७ मध्ये अशा आणलेल्यांची संख्या तीनशेच्या आसपास गेली. परंतु पुण्यात तेव्हा प्लेग होता आणि इतकी माणसे शहरात एका आवारात ठेवू देण्यास अधिकारी तयार होईनात. मग राहिले केडगाव. बागेसाठी घेतलेल्या त्या माळावर तात्पुरते निवारे उभे राहिले आणि अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, पोट पाठीस लागलेले, अशा त्या मुली तेथे उतरल्या. कित्येकींस उशीर झाला होता. अन्न समोर आले तरी ते पचविण्याची शक्ती उरली नव्हती, आणि त्या तेथेच मातीत मिळाल्या. ज्या जगल्या त्यांनीच पुढे विटा वाहिल्या.

मुक्ती हे नाव त्या वस्तीस मिळाले. १८९८ मध्ये मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. पुढे गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आणल्या, आणि १९०० च्या सुमारास वस्तीत दोन हजारांच्या आसपास माणसे झाली. दोन हजार! ह्या तालुक्यातील त्या वेळच्या किती गावांत तेवढी वस्ती असेल, ह्याचा वाचकांनी विचार करावा. पुरुष कारभारी जवळजवळ नाहीच. शिवण, विणकाम, मागावरचे कापड, तेलाचा घाणा, दूधदुभते, भाकरी-पाव भाजणे, धुणे, शेती, पुस्तकबांधणी, छापखाना, सारे बायकांच्या हाती. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, आणि अंधांसाठी निराळे घर. शारदा सदनही केडगावास आले. शाळा, दवाखाना, विहिरी आणि मोठे प्रार्थनामंदिर, असे एक नगरच त्या माळावर उभे राहिले. सुंदराबाई पवार ह्यांच्यासारख्या मराठी ख्रिस्ती स्त्रिया रमाबाईंच्या उजव्या हाताप्रमाणे वावरत होत्या. मनोरमा शिकून परत आल्यावर तिनेही भार उचलला.

१९०५ मध्ये तेथे धार्मिक जागृतीची जी लाट आली, तिच्यात मुली रडत, ओरडत, हात उंचावून प्रार्थना करीत. आपल्या ख्रिस्तसभेच्या संथ उपासनेत वाढलेल्या माणसास हे रुचणार नाही. आम्ही त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आम्हांस ज्या कामाचा सर्वांत जास्त हेवा वाटतो, ते बायबलच्या भाषांतराचे. उपलब्ध मराठी बायबलची भाषा रमाबाईंस फार संस्कृतप्रचुर वाटे. अठरा हजार श्लोक पाठ असलेल्या बाईला संस्कृताचे वावडे असणे शक्य नव्हते. परंतु मध्य प्रांतातून आलेल्या अडाणी मुलीस ते कळत नाही, हे त्या रोज पाहत होत्या. म्हणून पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या ह्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकण्यास घेतले, कोशव्याकरणे जमविली, आणि मूळ भाषांतून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. खिळे जुळविणे, छापणे, बांधणे, सारे केडगावातच, बायकांनीच केले. हे काम जवळजवळ त्यांच्या अंतापर्यंत चालले आणि ग्रंथ त्यांच्या मागे १९२४ मध्ये छापून पुरा झाला. आपल्यापैकी ज्यांस फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे नाव माहीत आहे, त्यांस येथे एक नवल दिसेल. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या क्रिस्तपुराणात एका इंग्रज येशूसंघीयाने मराठीची थोरवी मानून तिच्यात तारणाची कथा ओविली. आणि तीन शतकांनी एका मराठी बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून तेच वचन पुन्हा मराठीत उतरविले. सेमिनरीत आम्हांसही थोडे ग्रीक शिकविले होते, त्यामुळे ह्या कामास किती रात्री लागल्या असतील ह्याची अंधुक कल्पना आम्ही करू शकतो.

१९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा चाळिसाव्या वर्षी वारली. आईवडील, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक लेक. ह्या बाईंनी आपल्या रक्ताच्या एकूणएक माणसास निरोप दिला. त्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगावातच त्यांनी डोळे मिटले आणि तेथेच त्यांस मूठमाती मिळाली. वस्ती मात्र मोडली नाही; मुक्ती मिशन आजही केडगावात निराधारांस आश्रय देत आहे.

आता ते दोन प्रश्न. आपल्या मंडळींस आमचे सांगणे असे. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावे झालेला बाप्तिस्मा आपली ख्रिस्तसभा खरा मानते, मग तो वाँटेजच्या मंदिरात झालेला का असेना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी ख्रिस्ती ऐक्याविषयी जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात आपल्यापासून विभक्त असलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या सद्गुणांस आणि ख्रिस्ताविषयीच्या साक्षीस आनंदाने मान देण्यास आपणांस शिकविले आहे. रमाबाईंनी पुढील आयुष्यात कोणत्याच पंथाची वेस आपल्या वस्तीस घातली नाही, आणि धर्मगुरूंच्या अधिकारावाचून शास्त्र पुरेसे आहे असे मानले. हे आम्हांस मान्य नाही आणि ते आम्ही मंदिरात सांगतच असतो. परंतु उपाशी लेकरू उचलावयास अधिकारपत्र लागत नाही. अँग्लिकनांनी तर ३० एप्रिल हा दिवस आपल्या पंचांगात त्यांच्या स्मरणास दिला आहे. आपण त्यांस वेदीवर बसवा असे म्हणत नाही; रस्त्याच्या कडेस एक दगड, एवढेच.

हिंदू शेजाऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यास सरळ उत्तर द्यावयास पाहिजे. होय, मुक्ती सदन हे शारदा सदनासारखे तटस्थ नव्हते. ते पहिल्यापासून उघडपणे ख्रिस्ती होते आणि तेथे वाढलेल्या बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. भुकेल्याच्या हाती भाकरी देताना त्याच हाताने धर्म दिला, ही टीका रमाबाईंवर झाली. त्याच दशकांत जुन्या अहमदनगर जिल्ह्यात काम करणाऱ्या आपल्या येशूसंघीय धर्मगुरूंवरही ती झाली आहे, म्हणून ती दुसऱ्याच्या अंगणात ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. दहा वर्षांच्या अनाथ मुलीस धर्म निवडण्याची मोकळीक खरोखर किती असते, हे आम्हांसही ठाऊक आहे. आम्ही एवढेच म्हणू की, ज्या मुली त्या माळावर आल्या त्यांपैकी बहुतेकींस परत जावयास घरच उरले नव्हते, आणि त्यांच्यासाठी रेल्वेचे तिकीट काढून कोणी दुसरा त्या गर्दीत उभा नव्हता. आणि एवढ्यासाठीच शिलेवर बाप्तिस्म्यांची संख्या किंवा धर्मप्रसाराची प्रशंसा ह्यांपैकी काहीही असू नये, ह्याविषयी आमचा आग्रह राहील. ती शिला हिंदू वाटसरूसही वाचता आली पाहिजे, मोरगावास जाणाऱ्यास आणि वारकऱ्यासही.

त्यांच्या स्मरणाची सोय दुसऱ्यांनी केलेली आहेच. भारत सरकारने २६ ऑक्टोबर १९८९ रोजी त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवरासही मेधावी हे त्यांचेच नाव दिलेले आहे. आकाशापर्यंत नाव गेले. चौफुल्यापाशी बस थांबते तेवढ्या वेळात एखाद्या मुलास ते वाचता यावे, इतकीच आमची इच्छा आहे.

मजकूर थोडका असावा. नाव: पंडिता रमाबाई डोंगरे-मेधावी. जन्म गंगामूळ येथे, २३ एप्रिल १८५८. मृत्यू केडगाव येथे, ५ एप्रिल १९२२. त्याखाली एवढेच, की १८९७ च्या दुष्काळात आणि प्लेगात निराधार मुलींसाठी त्यांनी येथून उत्तरेस माळावर मुक्ती ही वस्ती वसविली, आणि तेथेच बायबल मराठीत आणले. भाषा मराठी, अक्षर ठळक. उभारणाऱ्यांचे, म्हणजे आपले, नाव मागच्या बाजूस. दगड ह्या भागातला काळाच घ्यावा. संगमरवर रस्त्याच्या धुळीत वर्षभरात मळतो. जागेसाठी ग्रामपंचायतीची आणि रस्त्याच्या अधिकाऱ्यांची परवानगी लागेल, आणि त्याआधी मुक्तीच्या चालकांस भेटून त्यांची संमती घ्यावी, कारण मान त्यांचा पहिला. आणखी एक गोष्ट: रमाबाईंनी अंधांसाठी वेगळे घर बांधले होते, म्हणून शिलेच्या पुढल्या अंगास, उभ्या माणसाचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, तोच मजकूर ब्रेल लिपीतही कोरून घ्यावा.